पडवळची मालीश

रोज संध्याकाळी साडेसातला आमच्याकडे एक कार्यक्रम असतो. बाहेरच्या खोलीत जुनी गोधडी अंथरायची, तिच्यावर पडवळला कुशीवर निजवायचं आणि त्याचे मागचे दोन्ही पाय पंधरा-वीस मिनिटं चोळून द्यायचे. पडवळ हा आमचा कुत्रा. जात डॅशहाउंड. (खरा जर्मन उच्चार वेगळा आहे म्हणे, पण आमच्या सोसायटीत तो डॅशहाउंडच.) नाव लेकीनं ठेवलंय, लांबी बघून.

परवा आप्पाकाका आले होते. त्यांनी हा सोहळा पाच मिनिटं निमूट बघितला आणि म्हणाले, "आम्हाला आयुष्यभर तेल लागलं ते नरक चतुर्दशीला, वर्षातून एकदा. आणि ह्याला रोज अभ्यंग!" सगळे हसले, मीही हसले. पण त्यांच्या बोलण्यात थोडं खरं होतं आणि ते डोक्यातून जाईना. कुत्र्याचं अंग चोळून द्यायचं ही कल्पना मुळात कुणाची? माझी समजूत अशी की हे अमेरिकेतलं हल्लीचं खूळ असणार. शोधायला बसले, आणि जो माणूस सापडला तो आपल्या शाळेच्या पुस्तकाच्या आसपासचाच निघाला.

मेगॅस्थेनिसची 'इंडिका' आठवते ना? चंद्रगुप्त मौर्याच्या दरबारातला ग्रीक वकील, पाटलीपुत्राचं वर्णन वगैरे. ते मूळ पुस्तक हरवलंय. त्यातलं जे काही आपल्यापर्यंत आलं ते नंतरच्या लेखकांनी घेतलेल्या उताऱ्यांमधून. त्या लेखकांपैकी एक एरियन. अलेक्झांडरच्या स्वाऱ्यांचा सगळ्यात विश्वासार्ह मानला जाणारा इतिहास ह्याचाच, आणि ह्यानं स्वतःही भारतावर 'इंडिका' नावाचंच पुस्तक लिहिलंय. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला माणूस. जन्मानं ग्रीक, नोकरी रोमन साम्राज्याची, सम्राट हेड्रियनच्या काळात कॅपाडोशिया प्रांताचा सुभेदार. आणि तरुणपणी एपिक्टेटस ह्या तत्त्वज्ञाचा शिष्य. एपिक्टेटस आधी गुलाम होता आणि परंपरेनुसार एका पायानं लंगडा होता. गुरूची प्रवचनं आज वाचायला मिळतात ती ह्या शिष्यानं उतरवून घेतली म्हणून.

तर ह्या एरियनला शिकारी कुत्र्यांचा नाद होता. त्याच्या आधी पाचशे वर्षं झेनोफननं शिकारीवर एक पुस्तक लिहिलं होतं, पण झेनोफनला केल्टिक लोकांचे वेगवान, सडपातळ कुत्रे (आजच्या ग्रेहाउंडचे पूर्वज म्हणा) माहीत नव्हते. ती उणीव भरून काढायला एरियननं त्याच नावाचं पुस्तक लिहिलं, 'सिनेगेटिकस'. त्यात एक छोटं प्रकरण फक्त अंग चोळण्यावर आहे. तो म्हणतो, घोड्याला चोळून दिल्यानं जितका फायदा होतो तितकाच कुत्र्यालाही होतो. अवयव घट्ट आणि मजबूत होतात, केस मऊ होतात, कातडी साफ राहते. आणि मग कृती सांगतो. उजव्या हातानं पाठ आणि कंबर चोळायची, पण त्या वेळी डावा हात पोटाखाली ठेवायचा, म्हणजे वरच्या दाबानं कुत्रं खाली बसकण मारणार नाही आणि त्याला दुखणार नाही. बरगड्या दोन्ही हातांनी. मग मांड्या, थेट पावलांच्या टोकापर्यंत. मग खांदे. पुरेसं झालं असं वाटलं की शेपटी धरून उचलायचं, ताण द्यायचा आणि सोडून द्यायचं. सोडलं की ते अंग झटकतं, आणि त्यावरून कळतं की त्याला हे आवडलं.

(शेपटीचा भाग कुणीही घरी करून बघू नये. बाकी सगळं आजच्या फिजिओथेरपिस्टनं सांगावं इतकं नेमकं आहे.)

डाव्या हाताची ती सूचना मी तीनदा वाचली. ज्यानं स्वतः केलंय त्यालाच ती सुचते. प्रांताच्या सुभेदाराच्या हाताखाली शंभर नोकर असतील, पण पोटाखाली हात ठेवला नाही तर कुत्रं खाली दबतं हे नोकराला सांगून कळत नाही.

आणि त्याची कुत्री! तिचं नाव होर्मे. ग्रीकमध्ये ह्याचा अर्थ आतून येणारी ओढ, आवेग. स्टोइक तत्त्वज्ञांचा तो खास शब्द होता. आपल्या 'ऊर्मी'च्या किती जवळ आहे बघा, अर्थानंही आणि उच्चारानंही. (योगायोग असेल. भाषातज्ज्ञांनी रागावू नये.) एरियन लिहितो की मी घरी असलो की ती घरात माझ्याजवळ असते, बाहेर निघालो की बरोबर येते, व्यायामशाळेत जाताना सोबत चालते आणि वळून वळून बघते की मी येतोय ना. भूक लागली, आनंद झाला, तक्रार करायची असली, प्रत्येकाला तिचा वेगळा आवाज. कुत्र्यानं माणसाजवळ झोपावं असंही तो आग्रहानं सांगतो. माया वाढते, आणि रात्री त्याला काही झालं तर आपल्याला कळतं. शेवटी तो म्हणतो, तिचं नाव लिहून ठेवायला मला लाज वाटत नाही. पुढच्या लोकांना कळू दे की अशी एक कुत्री होती, फार वेगवान, फार शहाणी. ह्या पुस्तकाचं इंग्रजी भाषांतर १८३१ साली झालं. म्हणजे होर्मेचं नाव एरियनच्या मनासारखं टिकलं आहे.

आपल्याकडे काय होतं? जनावराच्या अंगाला हात लावण्याचं शास्त्र आपल्याकडे जुनं आणि मोठं. घोड्यासाठी शालिहोत्र, हत्तीसाठी पालकाप्य. कौटिल्यानं अश्वाध्यक्ष आणि हस्त्यध्यक्ष अशी वेगळी खातीच सांगितली आहेत. मराठी पागेत खरारा करणं हा मोतद्दाराचा नित्यनेम होता आणि तो शब्द आपल्या बोलण्यात अजून आहे. पण कुत्र्यासाठी असं कुणी हात चालवल्याचं सहसा दिसत नाही. गंमत अशी की महाभारत सुरू होता होता जनमेजयाच्या यज्ञात सरमेच्या निरपराध पोराला मार बसतो आणि ती शाप देते, आणि महाभारत संपता संपता धर्मराज एका कुत्र्यासाठी स्वर्गाच्या दारात अडून बसतो. दत्ताच्या पायाशी चार कुत्रे, खंडोबाबरोबर कुत्रा. साताऱ्याजवळ संगम माहुलीला शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. त्यानं महाराजांना वाघापासून वाचवलं आणि त्याला पालखीचा मान होता असं सांगतात. मान होता, नैवेद्य होता, शापही होता. पाय चेपून देणं तेवढं कुठे दिसत नाही. घोडा-हत्तीचं शास्त्र झालं कारण त्यांच्यावर राज्य चालायचं, असं मला वाटतं. कुत्र्याला आपण गोष्टीत जागा दिली, ओसरीवर दिली, औषधात नाही दिली.

युरोपातही चित्र फार वेगळं नव्हतं. हात लागायचा तो कामाच्या कुत्र्याला. फ्रान्समधल्या फ्वाचा सरदार गॅस्टन फेबस ह्यानं चौदाव्या शतकाच्या शेवटी शिकारीवर ग्रंथ लिहिला. त्याच्या पॅरिसमधल्या हस्तलिखितात एक सुंदर चित्र आहे. नोकरमंडळी कुत्र्यांचे पंजे तपासतायत, पाय धुतायत, कान बघतायत. अगदी ओपीडीच. पण ते कुत्रे म्हणजे सरदाराची फौज होती.

हे सगळ्यात उघड दिसतं ते शर्यतीच्या ग्रेहाउंडांच्या बाबतीत. पण त्याआधी एका बाटलीबद्दल सांगायलाच हवं. इंग्लंडमध्ये स्लाउ गावच्या एलिमन कंपनीचं चोळायचं औषध एकोणिसाव्या शतकात फार खपायचं. अंडी, टर्पेंटाइन आणि व्हिनेगर. त्याचे दोन प्रकार होते. माणसांसाठी 'युनिव्हर्सल' आणि जनावरांसाठी 'रॉयल'. हो, बरोबर वाचलंत. आपण सामान्य, घोडा राजेशाही. कंपनीनं घोडे, गुरं, कुत्रे ह्यांना ते कसं लावायचं ह्याची पुस्तकंही काढली होती. आमच्या घरी अमृतांजनची एकच डबी सगळ्यांना पुरायची, हा भेद मला माहीतच नव्हता.

तर शर्यती. यांत्रिक सशामागे कुत्रे पळवण्याचा आधुनिक खेळ इंग्लंडमध्ये २४ जुलै १९२६ रोजी मँचेस्टरच्या बेल व्ह्यू मैदानावर सुरू झाला आणि बघता बघता गिरणी कामगारांचा तो लाडका खेळ झाला. (त्या मैदानावरच्या कुत्र्यांच्या शर्यती २०२० साली कायमच्या बंद झाल्या.) एकेका कुत्र्यावर पैसे लागत, म्हणून एकेका कुत्र्याच्या स्नायूंवर रोज हात फिरू लागला. तबेल्यातली पोरं चोळायची, पाठ, मांड्या, खांदे, अगदी एरियनच्या क्रमानं. त्यातल्या बहुतेकांनी एरियनचं नावही ऐकलं नसेल. ह्या खेळातला पहिला मोठा तारा मिक द मिलर, आयर्लंडमधल्या एका धर्मगुरूचा कुत्रा. लहानपणी त्याला डिस्टेंपर झाला होता. त्या काळी बहुतेक पिल्लं त्यात जायची. ह्याची कुणीतरी रात्रंदिवस शुश्रूषा केली आणि तो उठला. १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षं त्यानं इंग्लिश डर्बी जिंकली. मेल्यावर त्याच्यात पेंढा भरून ठेवला, तो आजही ट्रिंगच्या संग्रहालयात उभा आहे.

मिकचं असं झालं. बाकीच्यांचं? ग्रेहाउंड नेहमी डावीकडे वळत पळतात, घड्याळाच्या उलट्या दिशेनं. वळणावर सगळा भार उजव्या बाजूला येतो, त्यामुळे मागच्या उजव्या पायाच्या घोट्यातलं एक छोटं हाड मोडणं ही त्यांची ठरलेली दुखापत. हाड मोडलं की शर्यत संपली, आणि बहुतेकदा कुत्र्याचं आयुष्यही. सकाळी ज्या हातांनी मांडी चोळली तेच हात संध्याकाळी त्याला शेवटचं घेऊन जात असतील. हे वाचताना मला कळलं की मी दोन वेगळ्या गोष्टींना एकच समजत होते. पळणाऱ्या कुत्र्याला आणखी पळवण्यासाठी केलेली मालीश ही एक गोष्ट. ती दोन हजार वर्षं जुनी आहे. जो पळणार नाही, कदाचित चालणारही नाही, त्याच्यासाठी बसणं ही दुसरी. ती अगदी अलीकडची.

ह्या दुसऱ्या गोष्टीला पुस्तकात 'पुनर्वसन' म्हणतात. आपल्याकडे पुनर्वसन म्हटलं की कोयना आठवतं, धरणग्रस्त आठवतात, मोर्चे आठवतात. म्हणून डॉक्टरांच्या तोंडून पडवळच्या संदर्भात तो शब्द ऐकला तेव्हा मला क्षणभर कळेचना. पण मग वाटलं, शब्द चुकीचा नाही. घर पाण्याखाली गेलंय, त्याच माणसाला दुसरीकडे पुन्हा जगायला शिकायचंय. इथे घर म्हणजे शरीर.

आणि ही कल्पना कुत्र्यापर्यंत यायच्या आधी माणसापर्यंत यावी लागली. पहिल्या महायुद्धात मणक्याला गोळी लागून कमरेखाली लुळे पडलेले बहुतेक सैनिक मेले. गोळीनं नाही, पाठीला झालेल्या जखमांनी आणि लघवीच्या जंतुसंसर्गानं. डॉक्टरही त्यांना हात लावत नसत, कारण उपयोग काय? १९४४ साली इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिल इथे लुडविग गुटमन ह्या जर्मनीतून पळून आलेल्या ज्यू डॉक्टरनं असा विभाग हाती घेतला आणि एक साधा नियम केला. दर दोन तासांनी प्रत्येक रुग्णाची कूस बदलायची, दिवसा आणि रात्रीही. बाकी सगळं त्यातून उभं राहिलं. २९ जुलै १९४८ ला, लंडन ऑलिंपिक सुरू झालं त्याच दिवशी, त्यानं हॉस्पिटलच्या हिरवळीवर व्हीलचेअरमधल्या सोळा जणांची तिरंदाजीची स्पर्धा घेतली. आजच्या पॅरालिंपिकची ती सुरुवात. माणसाचं लुळं पडलेलं अंगसुद्धा सोडून द्यायचं नसतं हे ठरून अजून शंभर वर्षंही झालेली नाहीत. मग कुत्र्याचं काय घेऊन बसलात.

माणसाकडून जनावराकडे हा हात कसा गेला त्याची एक गमतीदार गोष्ट आहे आणि त्यात आपले शेवटचे व्हाइसरॉय आहेत. लॉर्ड माउंटबॅटनना पोलोचं वेड. चार्ल्स स्ट्राँग नावाचे फिजिओथेरपिस्ट त्यांच्या दुखापतीवर उपचार करायचे, विजेच्या हलक्या झटक्यांनी स्नायू आकुंचन पावायला लावून. माउंटबॅटनना इतका गुण आला की ते म्हणाले, माझ्या घोड्यांवरही करून बघा. स्ट्राँगनी केलं आणि पुढे त्यांचं नाव घोड्यांसाठीच झालं. १९६२ साली ब्रिटनमध्ये एक सरकारी आदेश निघाला की पशुवैद्याच्या देखरेखीखाली पशुवैद्य नसलेली व्यक्तीही जनावरावर फिजिओथेरपी करू शकेल. रटाळ कागद, पण त्यानं दार उघडलं. १९८५ मध्ये जनावरांवर काम करणाऱ्या तिथल्या फिजिओथेरपिस्टांची संघटना झाली. अमेरिकेत ओहायो स्टेट विद्यापीठातल्या ॲन डाउनर ह्यांनी १९७८ साली जनावरांच्या फिजिओथेरपीवर पुस्तक लिहिलं. ह्या विषयाची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद १९९९ साली ओरेगनमध्ये भरली. टेनेसी विद्यापीठातले मिलिस आणि लेव्हिन ह्यांचं खास कुत्र्यांच्या पुनर्वसनावरचं मोठं पाठ्यपुस्तक २००४ चं. त्यातले मिलिस पशुवैद्य आणि लेव्हिन माणसांचे फिजिओथेरपिस्ट, ही जोडीच सगळं सांगते. २०१० मध्ये अमेरिकेत पशुवैद्यकाची ही स्वतंत्र शाखा म्हणून मान्य झाली.

आता पडवळ. गेल्या वर्षी डिसेंबरात एका सकाळी तो पलंगाखालून आला तो पुढच्या दोन पायांवर. मागचं अंग ओढत. चेहऱ्यावर दुखण्यापेक्षा आश्चर्य जास्त.

डॅशहाउंडच्या मणक्यातली गादी लवकर कडक होते आणि फुटून मज्जारज्जूवर आदळते. हे नेमकं कसं घडतं ते १९५२ साली हान्सन ह्या स्वीडिश शास्त्रज्ञानं दाखवून दिलं, आणि ज्या जनुकामुळे पाय आखूड होतात त्याच्याशीच ह्या दुखण्याचं नातं आहे हे २०१७ साली कळलं. बिळात शिरून शिकार करावी म्हणून माणसानं पिढ्यान् पिढ्या निवडून त्याला असा बुटका आणि लांब केला. आम्ही ज्या लांबीवरून हौसेनं त्याचं नाव ठेवलं ती लांबीच नडली.

त्या दिवशी दोन जाणत्या माणसांनी आम्हाला प्रेमानं सांगितलं की त्याला मोकळं करा, हाल नका करू. ते वाईट नव्हते. नवऱ्यालाही तसंच वाटत होतं आणि खरं सांगायचं तर मलाही दुपारपर्यंत वाटत होतं. मग डॉक्टरांनी एक तपासणी केली. मागच्या पायाचं बोट चिमट्यात धरून जोरात दाबायचं. पाय आखडला तर त्याला अर्थ नाही, ती नुसती प्रतिक्षिप्त क्रिया, ती लुळ्या पायातही होते. कुत्र्यानं वळून बघायला हवं किंवा ओरडायला हवं. म्हणजे वेदना मेंदूपर्यंत पोचते आहे. पोचत असेल तर बहुतेक कुत्रे पुन्हा चालतात. नसेल तर तातडीनं ऑपरेशन करूनही साधारण निम्मेच.

डावा पाय दाबला. काही नाही. आणखी जोरात दाबला. पडवळ वळला आणि डॉक्टरांना चावायला धावला. त्या केबिनमध्ये आम्हा तिघांना इतका आनंद झाला की बाहेरच्या माणसांना वाटलं असेल कुणाला पिल्लं झाली.

ऑपरेशन करायचं नाही, आधी महिनाभर पिंजऱ्यात सक्तीची विश्रांती, असं ठरलं. ह्या काळात मालीश अजिबात नाही, हे ठळक सांगून ठेवते, कारण गादी नुकतीच फुटलेली असताना पाठ चोळणं म्हणजे संकटाला आमंत्रण. फक्त दर काही तासांनी कूस बदलणं (गुटमन!) आणि हातानं पोट दाबून लघवी काढणं. महिन्यानंतर फिजिओथेरपी सुरू झाली. पुण्या-मुंबईत आता कुत्र्यांसाठी पाण्यातले ट्रेडमिलसुद्धा आहेत, पण आमचं बरंचसं घरीच झालं. बोटांपासून वर मांडीकडे हलक्या हातानं चोळणं, प्रत्येक सांधा सायकल मारल्यासारखा फिरवणं, मग उभं करून धरणं. मला ते जमेना. जमलं ते सासूबाईंना. त्यांनी आमच्या आणि नणंदेच्या सगळ्या बाळांना न्हाऊमाखू घातलंय, पायावर घेऊन. शिकवणाऱ्या मुलीनं एकदा दाखवलं आणि त्या म्हणाल्या, "अगं, हे तर येतंय मला." तेल तेवढं नको म्हणून सांगावं लागलं. तो चाटतो. आणि त्या मुलीनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "आजी, वरून दाबताना डावा हात पोटाखाली राहू दे." एरियन मी नंतर वाचला.

मालीशनं तो बरा झाला असं मी म्हणणार नाही. मालीशनं नस जोडली जात नाही. सांधे आखडत नाहीत, स्नायू थोडे मोकळे राहतात, जनावर शांत होतं, एवढंच खात्रीनं म्हणता येईल. नुसत्या मालीशचा पुरावा तसा तोकडाच आहे. वजन आटोक्यात ठेवण्याचा पुरावा त्यापेक्षा कितीतरी भक्कम आहे. ४८ लॅब्राडॉरांवर जन्मभर केलेला एक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना पाव हिस्सा कमी खायला दिलं ते सरासरी जवळपास दोन वर्षं जास्त जगले, आणि त्यांचे सांधेही उशिरा दुखायला लागले. येता-जाता पडवळला बिस्किटं देणाऱ्या आमच्या नातेवाइकांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

पण एक अभ्यास मला सोडत नाही. २००६ सालचा, स्वित्झर्लंडमधला. मज्जारज्जू हळूहळू झिजत जाणाऱ्या एका असाध्य रोगाचे २२ कुत्रे. ज्यांना रोज भरपूर फिजिओथेरपी मिळाली ते सरासरी २५५ दिवस जगले, ज्यांना मध्यम मिळाली ते १३०, ज्यांना मिळालीच नाही ते ५५. आकडे बघून मी आधी भारावून गेले. मग लक्षात आलं की कुत्र्यांच्या बाबतीत 'इतके दिवस जगले' ह्याचा अर्थ बहुतेकदा 'मालकानं आता पुरे म्हणेपर्यंतचे दिवस' असाच असतो. शिवाय चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले नव्हते. म्हणजे उपचारानं दिवस वाढले, की जो माणूस रोज तासभर त्या पायांशी बसतो त्याला 'पुरे' म्हणायला वेळ लागतो? संशोधकांना हे वेगळं काढता येणं अवघड आहे. मला आमच्या घरातही काढता येत नाही. पहिल्या आठवड्यात जो नवरा 'हाल नको' म्हणत होता, तो पिंजऱ्याशेजारी सतरंजी टाकून झोपायला लागल्यावर पुन्हा तसं म्हणाला नाही. पडवळच्या पायात तोवर काहीही फरक पडला नव्हता.

मार्चमध्ये तो टॉवेलच्या झोळीतून चालला. एप्रिलमध्ये झोळीशिवाय चार पावलं. आता चालतो, थोडा झोकांड्या खात, आणि डाव्या पायाची नखं फरशीवर घासत. जखम होऊ नये म्हणून त्या पायात बाळाचा मोजा घालतो. आवाजावरून घरात कुठे आहे ते कळतं. मालीश संपली की अंग झटकायचा त्याचा प्रयत्न असतो. अंग झटकायला चारही पाय रोवता यावे लागतात हे मला आधी ठाऊक नव्हतं. परवा आप्पाकाकांच्या देखत त्यानं झटकलं, मागचं धूड एका बाजूला कलंडलं आणि तो गोधडीवर पडला. पुन्हा उठून झटकलं. शेपटीपर्यंत पोचलं नाही.